खुर्ची, एक

आमच्या इस्पितळात खाटा चौसष्ट.
कागदावर दोनशे दहा.
मधल्या एकशे सेहेचाळीस माझ्या भांडारात,
घडी घालून भिंतीला टेकवलेल्या.
त्यातल्या नऊंचे पाय कुरकुरतात
हे फक्त मला ठाऊक.

दर मे महिन्यात, समुद्र राखाडी झाला की
येसेनिया काताल्दो किल्ल्या मागायला येते.
"उद्या भूकंप आहे," म्हणते, "सकाळी साडेनऊला."
मी हसत नाही.
चिलीच्या या किनाऱ्यावर यावर कुणी हसत नाही.

मग उपाहारगृहातली टेबलं कडेला सरकतात,
प्रार्थनाघरातले बाक अंगणात येतात,
जनरेटर खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.
दिवे बाराव्या सेकंदाला लागायला हवेत,
लागतात एकोणिसाव्या.
मी वहीत एकोणीसच लिहितो.
माझ्याआधीचा भांडारपाल दहा लिहायचा,
आणि खऱ्या रात्री
ते लागलेच नव्हते.
तहानेआधी विहीर खणायची तर
दोरही आधीच मोजून ठेवावा लागतो.

जखमी येतात मासळीबाजाराच्या बसमधून:
शाळेची पोरं, जाळी विणणाऱ्या दोघी बहिणी,
कपाळावर बिटाचा रस,
हसू दाबत कण्हणारी.
मांडीचं हाड मोडलेला एक जण
चॉकलेट खातोय.

येसेनिया दारात. हातात चिठ्ठ्यांची चळत:
हिरवी, पिवळी, लाल, काळी.
माणशी तीस सेकंद.
चालता येतंय? भिंतीकडे जा.
श्वास? नाडी? माझा हात दाब.
पुढचा.

पुढचा एवारिस्तो पोब्लेते, वय एक्क्याऐंशी,
होडी विकून टाकलेला कोळी.
त्याच्या छातीवरच्या कागदात लिहिलेलं: श्वास नाही.
तिनं हनुवटी उचलली, कान लावला,
काळी चिठ्ठी त्याच्या अंगठ्याला बांधली
आणि पुढे गेली.
चुकलं काहीच नाही. अठ्ठावीस सेकंद.

काळ्यांची जागा धुलाईघरामागं, थंड फरशीवर.
तिकडं कुणी फिरकायचं नाही, नियम आहे.
मी गेलो ते कांबळी मोजायला.
म्हातारा डोळे उघडे ठेवून
छताची ओल बघत होता.

"ऑरिस्तेला इथंच होती," म्हणाला,
जसं कुणी सांगावं
की इथं पूर्वी दुकान होतं.
"तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या. रंग मात्र
सगळ्यांना कळत होता.
मला म्हणाले, वाट सोडा.
बरोबरच होतं त्यांचं. आत जगणारे होते.
मी दरवर्षी काळीच मागून घेतो.
इथून काय दिसतं, बघायला."

दुपारी चुकांची बैठक.
ऑक्सिजनची पान्याची जोडी हरवली.
रेडिओची बॅटरी उतरलेली.
बस खालच्या रस्त्यानं आली,
जो रस्ता खऱ्या दिवशी पाण्याखाली असेल.
संचालक घड्याळ बघत होते, तेव्हा
अंगठ्याला चिठ्ठी असलेला हात वर झाला.

"पोरी, तीस म्हणजे तीसच. थांबू नकोस.
पण त्या फरशीजवळ
एक खुर्ची ठेवता येईल?
डॉक्टर नको, नर्स नको, औषध नको.
बसणारा कुणीही चालेल.
मी येईन. चढ चढायला
मला चाळीस मिनिटं लागतात, तेवढी धरा."

खोलीत फक्त फ्रिज बोलत होता.
येसेनियानं डोळे पुसले नाहीत,
काही नाही. आराखडा उघडला.
"पान एक्केचाळीस," मला म्हणाली. "लिही."

संध्याकाळी भांडारात मी यादी पुरी केली:
स्ट्रेचर बावीस. सलाईन सहाशे.
कांबळी तीनशे चार, दोन ओली.
खुर्ची, एक.
बसून पाहिली. कुरकुरत नाही.

काळ्या चिठ्ठ्या पन्नास हव्यात.
दोनदा मोजल्या. एकोणपन्नास.
वहीत एकोणपन्नासच लिहिलं
आणि कारणाचा रकाना
मोकळा सोडला.